टाळूच्या वाटेने : अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू आणि श्राव्यातीत ध्वनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत उभयतांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, संगीत आणि नाट्य या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपणांस ऐकविले. त्यानंतर दोन डॉक्टरांनी व्यासपीठावर यावे आणि तेही नवजात बालकाच्या मेंदूविषयी बोलावे, हा रसभंग ठरण्याचा संभव आहे. तरीही कार्यकारिणीने आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. आम्हां उभयतांपैकी एकाचा दिवस नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात जातो, तर दुसऱ्याचा क्ष-किरण व सोनोग्राफी विभागात. एकाने बाळ सांभाळावयाचे आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्याच्या आत डोकावून काय दिसते ते सांगावयाचे, अशी आमची कामाची वाटणी आहे.

विषय निवडण्याचे खरे कारण मात्र दुसरेच आहे. आपण सारे घरापासून दूर राहणारी माणसे. नोकरीनिमित्त, बदलीनिमित्त या प्रांती आलो आणि येथलेच झालो. घरात मूल जन्मते तेव्हा गावाकडे आजी असते, आत्या असते, शेजारची जाणती सुईणही असते. येथे मात्र दोघेच असतात, आणि मूल वेळेआधी आले तर त्या दोघांच्या हाती एक रिपोर्ट येतो. त्या रिपोर्टातील चार ओळींनी घरे हवालदिल झालेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्याच चार ओळींनी ती नको तितकी निश्चिंत झालेलीही पाहिली आहेत. त्या ओळी कशा वाचाव्यात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम अपुरे दिवस म्हणजे काय ते पाहू. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ ते अपुऱ्या दिवसांचे. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख आपल्या देशात जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना व सहकारी संस्थांचा अंदाज आहे. म्हणजे जगातील दर पाच अशा बालकांत एकाहून अधिक भारतीय. आपल्याकडे एक जुनी समजूत आहे की सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. तिला आधार नाही. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पदरात काही ना काही टाकतोच. आमची खरी काळजी असते ती ३२ आठवड्यांच्या आतील, विशेषतः दीड किलोहून कमी वजनाच्या बालकांविषयी.

या बालकांच्या फुप्फुसांची चिंता सर्वांना ठाऊक असते, कारण श्वास डोळ्यांना दिसतो. मेंदूची चिंता दिसत नाही. मेंदूच्या मध्यभागी पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांस मस्तिष्कविवरे म्हणतात. या विवरांच्या काठाशी, गर्भावस्थेत, एक मऊ थर असतो. मेंदूच्या नव्या पेशी तेथे जन्म घेतात आणि आपापल्या जागी स्थलांतर करतात. आपण त्याला अंकुरथर म्हणू. त्यातील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात, कारण त्या कायमच्या नसतात. काम संपले की थर विरून जावयाचा असतो. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत तो बहुतांशी नाहीसा होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला म्हणूनच या प्रकारच्या रक्तस्रावाचे भय क्वचित असते. परंतु जे बाळ २८व्या आठवड्यात जगात येते, त्याचा अंकुरथर अजून भरात असतो. आईच्या उदरातील स्थिर रक्तप्रवाह एकाएकी संपतो, रक्तदाब वरखाली होतो, श्वास अडखळतो, आणि त्या नाजूक वाहिन्यांपैकी एखादी फुटते. हे बहुधा पहिल्या तीन दिवसांतच घडते. विशेष म्हणजे अनेक बालकांत याचे बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही.

मग हे कळावयाचे कसे? दीर्घकाळपर्यंत ते कळत नसे, किंवा बाळ दगावल्यानंतर शवविच्छेदनात कळे. जिवंत मेंदूत डोकावण्याच्या प्रयत्नांना कवटीचे हाड आडवे येई. ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक या मज्जाविकारतज्ज्ञाने १९४२ साली डोक्याच्या एका बाजूने श्राव्यातीत ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूने तो टिपण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मस्तिष्कविवरांची चित्रे मिळाली असे त्यास वाटले. पुढे तपासणीत दिसून आले की ती चित्रे मुख्यतः कवटीच्या हाडानेच उमटविली होती. हाड ध्वनीला परतवते आणि शोषूनही घेते. १९५० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी प्रतिध्वनीवरून मेंदूची मध्यरेषा सरकली आहे काय हे ओळखण्याची पद्धत बसविली. तिकडे ग्लासगोत इयन डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्राची कल्पना उचलून पोटातील गाठी व गर्भ पाहावयास आरंभ केला. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९५८चा. मेंदू मात्र आपल्या हाडांच्या पेटीत झाकलेलाच राहिला.

१९७८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे लू-अ‍ॅन पॅपिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ बालकांची सी.टी. स्कॅनने पाहणी केली. त्यांपैकी २० बालकांच्या मेंदूत रक्तस्राव आढळला. या आकड्याने बालरोगतज्ज्ञ हादरले. पण सी.टी.साठी त्या इवल्याशा जिवाला काचपेटीतून उचलून दुसऱ्या विभागात न्यावे लागे, शिवाय क्ष-किरणांचा मारा होई. रोज रोज हे कोण करणार? पुढच्याच वर्षी, १९७९ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील कॅरेन पेप, ऑसमंड रेनल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील इजा श्राव्यातीत ध्वनीने ओळखता येते. १९८० साली ड्यूबरी व अलुविहारे यांनी टाळू ही या ध्वनीची खिडकी म्हणून वापरता येते असे मांडले, आणि थोड्याच काळात ही पद्धत जगभर रूढ झाली.

टाळू! आपल्या घरातील कोणत्याही आजीला ही जागा सांगावी लागत नाही. बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी ती बोटांनी हळुवार तेल घालून टाळू भरते. टाळू उडते कशी, खोल गेली की काय, हे तिच्या हाताला कळते. कवटीची हाडे जेथे अजून सांधलेली नसतात ती ही चौकटाच्या आकाराची मऊ जागा. जन्माच्या वेळी डोके आकसता यावे आणि पुढे मेंदूला वाढता यावे म्हणून निसर्गाने ती राखून ठेवलेली असते. बहुतेक बाळांत वर्ष-दीड वर्षात ती भरून येते. तोवर ध्वनीला मेंदूपर्यंत जाण्यास वाट मोकळी असते. जे हाड डुसिकच्या आड आले, ते येथे नाहीच.

ही तपासणी प्रत्यक्षात फार साधी दिसते. यंत्र बाळापाशी येते, बाळ यंत्रापाशी जात नाही. काचपेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घालावयाचा, टाळूवर थोडी कोमट जेली लावावयाची आणि अंगठ्याएवढा टोकाचा भाग तेथे अलगद टेकवावयाचा. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर २० हजार कंपने ऐकू येतात. या टोकातून निघणाऱ्या ध्वनीची कंपने सेकंदाला सुमारे ७५ लाख असतात. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. म्हणजे पाच सेंटिमीटर खोलवरच्या विवराच्या काठावर आपटून त्याचा प्रतिध्वनी परत यावयास सेकंदाचा सुमारे पंधरा हजारावा भाग पुरतो. अशा असंख्य प्रतिध्वनींची काळी, पांढरी आणि करडी रांगोळी म्हणजे पडद्यावरचे चित्र. विवरातील द्रव काळा दिसतो, ताजे रक्त पांढरे चकाकते. काही मिनिटांत काम होते. इंजेक्शन नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत. बाळ पुष्कळदा झोपूनच असते.

दिसते काय? पॅपिल यांनी १९७८ साली केलेली चार पायऱ्यांची मांडणी आजही वापरात आहे. पहिल्या पायरीत रक्त अंकुरथरापुरतेच असते. दुसऱ्या पायरीत ते विवरात उतरते, पण विवर फुगलेले नसते. तिसऱ्या पायरीत रक्ताने विवर फुगते. चौथ्या पायरीत शेजारच्या मेंदूच्या गाभ्यातही इजा झालेली असते. पहिल्या दोन पायऱ्यांतील बहुसंख्य बालके पुढे चांगली वाढतात. तिसऱ्या व चौथ्या पायरीत धोका वाढतो; आणि काही बालकांत रक्ताच्या गुठळ्यांनी द्रवाचा निचरा अडून विवरे फुगत जातात. ही वाढ कित्येकदा आपोआप थांबते. थांबली नाही तर द्रव काढावा लागतो, क्वचित नळी बसवावी लागते. विवराची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून दर आठवड्याला आलेखावर टिपावयाची रीत आहे. त्याचा आलेख माल्कम लेव्हिन यांनी १९८१ साली दिला.

दुसरी एक इजा रक्तस्रावाहून निराळी आहे. विवरांच्या बाजूच्या पांढऱ्या भागाला रक्त व प्राणवायू कमी पडला, किंवा जंतुसंसर्गाने सूज आली, तर तेथील तंतू मरतात. बँकर व लारोश यांनी १९६२ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पायांच्या हालचालीचे तंतू नेमके याच काठाने उतरतात. म्हणून अशा काही मुलांचे पाय पुढे ताठर होतात. या इजेच्या पुटकुळ्या चित्रात लगेच दिसत नाहीत, दोन ते चार आठवड्यांनी दिसतात. तपासणी एकदा करून भागत नाही ते यासाठीच. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची तपासणी साधारणतः पहिल्या सात-दहा दिवसांत, पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी, आणि शेवटी मूळ अपेक्षित तारखेच्या सुमारास किंवा घरी जाण्यापूर्वी करतात. प्रकृती नाजूक असली तर अधिक वेळा.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. कोरा कागद आणि लेखणी ठेवून घरे तिची वाट पाहत. योगायोग असा की डोक्याची पहिली सोनोग्राफीही पुष्कळदा त्याच सुमारास होते, आणि तिचा कागद आईबापांच्या हाती पडतो तो सटवीच्या लेखासारखाच. आम्हांस कळकळीने सांगावयाचे आहे की तो सटवीचा लेख नव्हे. तो त्या दिवशीच्या मेंदूच्या घडणीचा आलेख आहे. त्या मुलाच्या भवितव्याचा नव्हे.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. रिपोर्टात 'तिसरी पायरी' असे वाचून काही घरे मनातून त्या मुलाला सोडून देतात. औषध चालू असते, पण उमेद संपलेली असते. आजूबाजूची माणसे म्हणू लागतात की दुःख यांच्या पाचवीलाच पुजले आहे. वास्तविक एकाच पायरीची दोन मुले पुढे अगदी निराळी वाढलेली दिसतात. नवजात मेंदू अजून घडत असतो आणि वाढत्या वयात पुष्कळसे काम इतर भाग उचलून घेऊ शकतात. याउलट 'सर्व ठीक' असे वाचून दुसरी घरे बाळाला पुन्हा दवाखान्यात आणीतच नाहीत. हे तितकेच घातक आहे. सोनोग्राफीला मोठ्या इजा चांगल्या दिसतात. पांढऱ्या भागातील विखुरलेली बारीक इजा तिच्या नजरेतून निसटते. लहान मेंदू टाळूपासून दूर, त्यामुळे तोही अंधूक दिसतो; कानामागील दुसऱ्या मऊ जागेतून पाहावे लागते. एम.आर.आय.ला अधिक दिसते, पण तोही ज्योतिषी नव्हे. ऐकणे, पाहणे, बोलणे आणि शिकणे यांतील अडचण कोणत्याही चित्राआधी मुलाच्या वागण्यात प्रकट होऊ शकते. चित्र सांगते ते एवढेच : या बाळाकडे कोणी, कोठे आणि किती बारकाईने लक्ष द्यावयाचे.

हे लक्ष आपल्यासारख्या बदलीच्या कुटुंबांत नेमके तुटते. बाळ एका शहरात जन्मते, सहाव्या महिन्यात वडिलांची बदली होते, आणि सामानाच्या खोक्यांत फाइल हरवते. नव्या गावचा डॉक्टर कोऱ्या पाटीवर आरंभ करतो. तेव्हा किती आठवड्यांनी जन्म, वजन किती, डोक्याच्या सोनोग्राफीच्या तारखा व निष्कर्ष, डोळ्यांच्या पडद्याची व कानांची तपासणी, एवढ्या गोष्टींचा कागद दागिन्यांच्या डब्याइतका जपावा. वय मोजतानाही अपेक्षित तारखेपासून मोजावे. बारा आठवडे आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तर त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा धरावी. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवावा. शेजारच्या बाळाशी तुलना करून रडू नये, आणि 'आपल्याकडे मुले उशिराच चालतात' म्हणून स्वस्थही बसू नये. शंका आली तर व्यायामोपचार लवकर सुरू करावे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्याखाली जिल्हापातळीवर अशा मुलांसाठी केंद्रे उघडली गेली आहेत. आपण ज्या जिल्ह्यात असाल तेथे त्याची चौकशी करावी.

रक्तस्राव झाल्यावर तो पुसून टाकणारे औषध नाही. पण त्याचा संभव कमी करता येतो, आणि त्याची सुरुवात जन्माआधी होते. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हाउई यांनी १९७२ साली दाखविले की मुदतपूर्व प्रसूतीच्या आधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पुढील अभ्यासांत मेंदूतील रक्तस्रावही त्याने कमी होतो असे आढळले. ३२ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचे चिन्ह असेल तर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध आईला दिल्याने मुलाला पुढे येणाऱ्या अपंगत्वाचा धोका घटतो. परंतु ही औषधे मिळावयाची तर आई वेळेवर योग्य ठिकाणी पोचली पाहिजे. जन्मल्यानंतर रुग्णवाहिकेतून हलविलेल्या बालकांत मेंदूतील रक्तस्राव अधिक आढळतो. बाळाला नेण्यासाठी आईच्या उदरासारखी सुरक्षित पेटी अजून कोणी बनविलेली नाही.

म्हणून माहेरच्या बाळंतपणाविषयी दोन शब्द. लेकीने पहिल्या बाळंतपणाला माहेरी यावे यात जी माया आहे तिला आम्ही कसे नावे ठेवू? पण तिला पाठविताना गाडीच्या आरक्षणाबरोबर आणखी एक चौकशी करावी : तेथे नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष कोठे आहे, किती अंतरावर आहे, आणि तेथे डोक्याची सोनोग्राफी करणारी जाणती व्यक्ती आहे काय. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ साली जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांचा विशेष कक्ष सुरू झाला आणि पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष झाले. सोयी आहेत, त्या कोठे आहेत हे कळा येण्याआधी ठाऊक हवे.

जाता जाता एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. याच ध्वनीचा उपयोग करून आपल्या समाजाने कन्यांचे गर्भ खुडले. त्याविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि १९९४ साली तो देशाचा झाला. आजही काचपेटीपाशी नेण्याच्या छोट्या यंत्राचीसुद्धा नोंदणी करावी लागते. नोंदणीचे कागद भरताना आम्हांस कंटाळा येत नाही. ज्या यंत्राने मुलगी नको म्हणून पाहिले गेले, त्याच यंत्राने नऊशे ग्रॅमच्या मुलीचे विवर आज किती मिलिमीटर आहे ते रोज पाहिले जाते. यंत्राला धर्म नसतो. तो वापरणाऱ्या हातांना असतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. बाळ पेटीत असते तेव्हा आई सहा-सहा आठवडे रुग्णालयाच्या बाकावर काढते. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याची पद्धत, जी १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, ती आज जगभर मानली जाते. २०२१ साली भारतासह पाच देशांतील अभ्यासात ती जन्मानंतर लगेच सुरू केल्यास मृत्यू घटतात असे सिद्ध झाले. त्यासाठी आईला बसावयास वेळ हवा, पोटात अन्न हवे आणि घरचे मोठे मूल सांभाळावयास कोणी हवे. पन्नास वर्षे या मंडळाने गणपती बसविले, नाटके केली, हळदीकुंकू केले. आता महिला शाखेने दोन-चार नावांची एक यादी करावी. आपल्या गावात कोणत्याही भाषेच्या कुटुंबात असे मूल जन्मले की एकीने डबा पोचवावा, एकीने मोठ्या मुलाला शाळेतून आणावे, आणि एकीने त्या आईशेजारी बसून तिचा रिपोर्ट तिच्याबरोबर डॉक्टरांकडून समजावून घ्यावा. यास वर्गणी लागत नाही. गावाकडची आजी येथे नाही. तिच्या जागी मंडळ उभे राहू शकते.

रिपोर्ट हातात येईल तेव्हा तो घाबरून मिटू नका आणि आनंदून फेकू नका. तारीख घाला, फाइलीत लावा, पुढची तारीख विचारून घ्या, आणि बाळाला घेऊन त्या तारखेला या.